गादी सोडणे हाही सत्तेचाच वापर : कतारच्या पदत्यागाचा अर्थ

३ ऑक्टोबर २०२५ रोजी लक्झेंबर्गचे ग्रँड ड्यूक आँरी यांनी सुमारे पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर पुत्र गियोम यांच्यासाठी पद सोडले. जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कच्या राणी मार्गारेट दुसऱ्या बावन्न वर्षांनी निवृत्त झाल्या. त्याआधी, २०१९ मध्ये, जपानचे सम्राट अकिहितो यांनी वाढत्या वयाचे कारण देऊन सिंहासन सोडले होते. अशा बातम्यांचे आता कोणाला फारसे नवल वाटत नाही. वय झाले, मुलगा तयार आहे, तेव्हा बाजूला व्हावे, इतका साधा अर्थ आपण त्यांतून काढतो. मात्र या सर्व राजा-राण्यांकडे सोडण्यासारखे जे होते ते बहुतांशी समारंभाचे होते. प्रत्यक्ष कारभार निवडून आलेल्या सरकारकडेच होता.

ज्याच्या सहीने कायदा होतो, ज्याच्या आदेशाने पंतप्रधान नेमला जातो आणि ज्याच्या शब्दावर देशाची संपत्ती कुठे गुंतवायची ते ठरते, असा शासक स्वतःहून गादी सोडतो तेव्हा प्रश्न वेगळा होतो. गेल्या अर्धशतकातील आखाती राजकारणात याचे एकच ठळक उदाहरण आहे आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते दोह्यात राहून पाहिले आहे. २५ जून २०१३ रोजी, मंगळवारी सकाळी, कतारचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी दूरचित्रवाणीवरून काही मिनिटांचे भाषण केले आणि सत्ता आपले पुत्र शेख तमीम यांच्याकडे सोपवत असल्याचे जाहीर केले. वडील एकसष्ट वर्षांचे होते, मुलगा तेहेतीस वर्षांचा. सरकारने सुट्टी जाहीर केली आणि अमिरी दिवाणात नव्या अमिरांना निष्ठेची शपथ देण्यासाठी नागरिकांच्या रांगा लागल्या. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत त्या दिवशी दोनच प्रश्न चर्चेत होते : कंपनीला सुट्टी आहे का, आणि आता आपल्या कामाचे काय होणार?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गेल्या बारा वर्षांत बरेचसे मिळाले आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र अजून नीट विचारला गेलेला नाही. हाती सर्व काही असताना शेख हमद यांनी ते का सोडले?

शंभर वर्षांचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. आधुनिक कतारचे संस्थापक मानले जाणारे शेख जासीम बिन मोहम्मद १९१३ मध्ये निधन पावले. त्यानंतर आजपर्यंत कतारचा एकही शासक गादीवर असताना मरण पावलेला नाही. पुढच्या पाचही शासकांनी हयातीतच गादी गमावली किंवा सोडली. ‘राजाचे निधन झाले, राजाला दीर्घायुष्य लाभो’ या धर्तीचे सत्तांतर या देशाने शंभराहून अधिक वर्षांत पाहिलेलेच नाही.

जासीम यांचे पुत्र शेख अब्दुल्ला यांनी १९१६ मध्ये ब्रिटिशांशी करार केला आणि १९३५ मध्ये तेलाची सवलत दिली. त्यांचा पसंतीचा वारस होता दुसरा मुलगा हमद. पण तो १९४८ मध्ये वारला. तेलाची निर्यात सुरू होण्याच्या बेतात होती, येणाऱ्या पैशात वाटा मागणारे भाऊबंद वाढले होते आणि अब्दुल्ला थकले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी मोठा मुलगा अली याच्याकडे सत्ता दिली. दिवंगत हमद यांचा मुलगा खलिफा तेव्हा लहान होता. अली यांच्यानंतर गादी खलिफा यांच्याकडे यावी, असे तेव्हाच ठरले होते, असे त्या शाखेचे म्हणणे पुढे कायम राहिले.

ऑक्टोबर १९६० मध्ये अली यांनीही पद सोडले, पण ते दिले आपला मुलगा अहमद याला. खलिफा यांना युवराजपद देऊन त्यांची समजूत घालण्यात आली. प्रत्यक्ष कारभार बऱ्याच अंशी खलिफा पाहू लागले आणि गादी अहमद यांची राहिली. ही तडजोड बारा वर्षे टिकली. ब्रिटिश गेले, ३ सप्टेंबर १९७१ रोजी कतार स्वतंत्र झाले आणि २२ फेब्रुवारी १९७२ रोजी अहमद इराणात शिकारीसाठी गेले असताना खलिफा यांनी सत्ता हाती घेतली.

तेवीस वर्षांनी हाच प्रसंग खलिफा यांच्यावर आला. २७ जून १९९५ रोजी ते स्वित्झर्लंडमध्ये असताना युवराज हमद यांनी वडिलांना पदच्युत केले. वडिलांनी ते मान्य केले नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांना परत आणण्यासाठी प्रतिउठावाचा प्रयत्न झाला आणि तो फसला. परदेशी बँकांतील कोट्यवधी डॉलर राज्याचे की माजी अमिरांचे, यावरून नव्या सरकारने न्यायालयात धाव घेतली. अखेर तडजोड झाली. खलिफा २००४ मध्ये मायदेशी परतले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या इतिहासातून शेख हमद यांच्या निर्णयाकडे पाहायला हवे. वारसा न ठरवता गादीवर राहणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले होते. शासक परदेशी असताना दोनदा सत्तांतर झाले होते आणि त्यांतले दुसरे त्यांनी घडवले होते. मुलगा कर्तबगार आहे, तयार आहे आणि वाट पाहतो आहे, ही परिस्थिती १९९५ मध्ये त्यांची स्वतःची होती. २०१३ मध्ये ती तमीम यांची होती.

अठरा वर्षांची तयारी

त्यामुळे २०१३ चा निर्णय एका सकाळी घेतलेला नव्हता. ऑक्टोबर १९९६ मध्ये हमद यांनी मुलगा जासीम याला युवराज नेमले होते. ५ ऑगस्ट २००३ रोजी जासीम यांनी ते पद धाकट्या भावासाठी सोडले आणि तमीम युवराज झाले. म्हणजे अमीर होण्यापूर्वी तमीम यांना सुमारे दहा वर्षे उमेदवारी करायला मिळाली. संरक्षण, क्रीडा, गुंतवणूक आणि परराष्ट्र व्यवहार या सर्वांत त्यांचा वावर वाढत गेला.

त्याच वर्षी, एप्रिल २००३ मध्ये, जनमताने कायम राज्यघटना मंजूर झाली. तिच्या आठव्या कलमाने सत्तेचा वारसा केवळ अल थानी घराण्यात न ठेवता, त्या घराण्यातील हमद बिन खलिफा यांच्या पुरुष वंशापुरता मर्यादित केला. १९४९ आणि १९६० मध्ये ज्या शाखांमध्ये रस्सीखेच झाली, त्या सर्वांना या एका वाक्याने वारशाच्या बाहेर काढले. कायद्याने वाट बंद केली होती. ती प्रत्यक्षात बंद झाली आहे, हे एकदा सर्वांना दिसणे बाकी होते आणि ते वडील हयात असतानाच दिसले तर अधिक भक्कम ठरणार होते. मृत्यूनंतरच्या सत्तांतरात वारसाला एकट्याने घराणे सांभाळावे लागते. २५ जूनच्या त्या सकाळी वडील मुलाच्या शेजारी उभे होते आणि काका, चुलत भाऊ, टोळ्यांचे प्रमुख, धर्मगुरू हे सर्व त्यांच्यादेखत नव्या अमिरांना शपथ देत होते. अशा वेळी विरोध करणे म्हणजे एकाच वेळी दोन अमिरांना विरोध करणे होते.

दुसरे कारण संस्थांचे. १९९५ मध्ये सत्ता घेतली तेव्हा हमद यांच्यापुढे तिजोरीचा प्रश्न होता. पुढच्या अठरा वर्षांत देशाचे अर्थकारण बदलले. १९७१ मध्ये सापडलेल्या नॉर्थ फील्ड वायुक्षेत्रातून द्रवरूप वायूची पहिली खेप १९९६ च्या अखेरीस जपानकडे निघाली आणि २०१० च्या डिसेंबरपर्यंत उत्पादनक्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर गेली. कतार जगातील सर्वांत मोठा द्रवरूप वायू निर्यातदार झाला. २००५ मध्ये गुंतवणूक प्राधिकरण स्थापन झाले. अल जझीरा वाहिनी १९९६ मध्ये सुरू झाली होती. शेखा मोझा यांच्या नेतृत्वाखालील कतार फाउंडेशनने एज्युकेशन सिटीत परदेशी विद्यापीठे आणली. २ डिसेंबर २०१० रोजी २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपदही मिळाले. थोडक्यात, देणाऱ्याने रिकामी तिजोरी आणि अपुरी कामे दिली नाहीत. तिजोरी कोणाची, हा वाद या वेळी उद्भवलाच नाही.

तिसरे कारण प्रकृतीचे. हमद यांच्या मूत्रपिंडाच्या विकाराची आणि शस्त्रक्रियेची चर्चा अनेक वर्षे होती. या कारणाला त्या काळच्या वार्तांकनात बरेच महत्त्व दिले गेले. प्रकृतीचा भाग असेलही. पण आजारी शासक गादी सोडतातच असे नाही. आखातात बहुतेकांनी सोडलेली नाही.

चौथे कारण बहुतेकांच्या नजरेतून निसटते. २६ जूनला नवे मंत्रिमंडळ जाहीर झाले आणि शेख हमद बिन जासीम पायउतार झाले. १९९२ पासून परराष्ट्रमंत्री आणि २००७ पासून पंतप्रधानही असलेले हे गृहस्थ म्हणजे कतारच्या परराष्ट्र धोरणाचा चेहरा होते. एवढ्या वजनदार माणसाला तरुण अमिरांनी स्वतः दूर करायचे म्हटले असते, तर ती पहिल्याच वर्षी घराण्यातील लढाई ठरली असती. वडील स्वतः बाजूला होत असताना त्यांचा पंतप्रधान मागे राहणे शक्य नव्हते. एका पदत्यागाने दोन पिढ्या एकदम बदलल्या आणि तमीम यांना मोकळे पटांगण मिळाले.

भाषणात हमद यांनी सत्ता हे आपले ध्येय कधीच नव्हते आणि आता नव्या पिढीने जबाबदारी घेण्याची वेळ आली आहे, अशा आशयाचे विधान केले. २०११ पासून अरब जगतात तरुण रस्त्यावर उतरले होते आणि कतारने इजिप्त, लिबिया, सीरिया येथील बदलाच्या बाजूने वजन टाकले होते. इतरांच्या वृद्ध शासकांनी जावे असे म्हणणाऱ्याने स्वतः वेळेवर जाऊन दाखवणे, यात प्रतिमेचा लाभ होता. तो भाषणात दडलेला नव्हता.

शेजाऱ्यांनी अनुकरण का केले नाही?

२०१३ मध्ये सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला नव्वदीच्या घरात होते. जानेवारी २०१५ मध्ये ते गादीवर असतानाच निधन पावले. संयुक्त अरब अमिरातींचे अध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद यांना २०१४ च्या जानेवारीत पक्षाघात झाला. त्यानंतर प्रत्यक्ष कारभार त्यांचे बंधू मोहम्मद बिन झायेद पाहत होते. पण पद मात्र मे २०२२ मध्ये निधन होईपर्यंत खलिफा यांच्याकडेच राहिले. ओमानचे सुलतान काबूस यांनी १९७० मध्ये वडिलांना पदच्युत करून सत्ता घेतली होती. त्यांना अपत्य नव्हते. वारसाचे नाव त्यांनी बंद लखोट्यात ठेवले आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर तो लखोटा उघडला गेला. कुवेतमध्ये जानेवारी २००६ मध्ये अत्यंत आजारी असलेल्या अमीर शेख साद यांना अवघ्या काही दिवसांत पद सोडावे लागले. पण ती संसदेच्या आणि घराण्याच्या दबावाची घटना होती.

या यादीतून एक भेद दिसतो. सौदी अरेबियात तेव्हा गादी भावाकडून भावाकडे जात होती. तिथे जिवंत राजाने पद सोडणे म्हणजे रांगेतील सर्व वृद्ध भावांचा हिशेब एकदम उघडणे होते. ओमानमध्ये वारसाचे नाव आधी उघड करणे म्हणजे दुसरे सत्ताकेंद्र तयार करणे, अशी धास्ती असावी. कतारमध्ये मात्र गादी वडिलांकडून मुलाकडे, तीही एकाच शाखेत, नेण्याचे ठरले होते. जिथे वारस निर्विवाद करायचा असतो, तिथे पदत्याग उपयोगी पडतो. जिथे वारस ठरवणेच टाळायचे असते, तिथे तो धोक्याचा ठरतो. राजाचा स्वभाव किंवा वैराग्य यापेक्षा वारशाची रचना हे अधिक मोठे कारण आहे.

आपल्या इतिहासातले दोन राजे

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख नवी नाही. आपल्याकडच्या संस्थानांच्या इतिहासात पदत्यागाची दोन टोके सापडतात.

पहिले इंदूरचे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. हल्लेखोर मुमताज बेगमला पळवून नेण्यासाठी आले होते आणि तपासाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले. ब्रिटिश सरकारने महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. कागदोपत्री हा स्वेच्छेचा त्याग होता. वास्तवात निवड इतकीच होती की जायचे ते चौकशीनंतर की चौकशीपूर्वी. त्यांनीही वारसा मात्र वाचवला.

दुसरे सातारा भागातील औंधचे. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांना महाराष्ट्र सूर्यनमस्कारांचा प्रचारक आणि चित्रकार म्हणून ओळखतो, त्यांनी १९३९ मध्ये आपल्या छोट्या संस्थानात गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना लागू केली. मॉरिस फ्रिडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रामपंचायतींपासून वर जाणाऱ्या रचनेत सत्ता लोकांच्या हाती देण्यात आली. राजाने गादी सोडली नाही. गादीतली सत्ता सोडली. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते राजेच राहिले.

होळकरांना गादी सोडावी लागली, पंतप्रतिनिधींनी सत्ता सोडली. शेख हमद यांनी तिसरे काही केले. त्यांनी गादी आणि सत्ता दोन्ही पूर्ण भरलेल्या स्वरूपात पुढच्या पिढीच्या हाती ठेवली. म्हणूनच या पदत्यागाला केवळ त्याग म्हणून पाहणे अपुरे आहे. कोण बसेल आणि कधी बसेल हे दोन्ही ठरवण्याचा अधिकार शासकाने जिवंतपणी वापरला. तो न वापरता थांबला असता, तर ते काळाने किंवा भाऊबंदांनी ठरवले असते.

कसोटीची वर्षे

हा निर्णय यशस्वी झाला का? लगेच तसे दिसले नाही. ३ जुलै २०१३ रोजी, म्हणजे सत्तांतरानंतर आठच दिवसांनी, इजिप्तमध्ये लष्कराने अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवले आणि कतारने ज्या बाजूवर भिस्त ठेवली होती ती कोसळली. मार्च २०१४ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती आणि बहारीन यांनी दोह्यातील आपले राजदूत परत बोलावले. नवा चेहरा आला म्हणून शेजाऱ्यांनी जुना हिशेब माफ केला नाही. पडद्यामागे वडीलच सूत्रे हलवतात, हा आरोपही होत राहिला.

खरी परीक्षा ५ जून २०१७ रोजी आली. वरील तीन देश आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. एकमेव भूसीमा बंद झाली. त्या जूनमध्ये दोह्यात असलेल्यांना दुकानांतील रिकाम्या फळ्या, मग तुर्की दुधाची खोकी आणि नंतर विमानाने आणलेल्या गायी आठवत असतील. ऑगस्ट २०१७ मध्ये सौदी माध्यमांनी अचानक एका कतारी राजपुत्राला पुढे आणले. ते होते शेख अब्दुल्ला बिन अली : १९६० मध्ये पद सोडणाऱ्या अली यांचे पुत्र आणि १९७२ मध्ये पदच्युत झालेल्या अहमद यांचे बंधू. सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या पदत्यागात मागे राहिलेला दावा शेजाऱ्यांनी पेटीतून बाहेर काढला होता. जानेवारी २०१८ मध्ये याच गृहस्थांनी आपल्याला अबू धाबीत अडकवून ठेवल्याचे चित्रफितीद्वारे सांगितले आणि तो डाव तिथेच संपला.

तो डाव का फसला, याचे उत्तर २०१३ मध्ये आहे. घराण्याने चार वर्षांपूर्वीच, वडिलांच्या साक्षीने, तमीम यांना शपथ दिलेली होती. पर्यायी अमीर हवा असणारा गट दोह्यात उरला नव्हता. अहमद अल मादीद या चित्रकाराने काढलेले तमीम यांचे रेखाचित्र त्या उन्हाळ्यात मोटारींच्या काचांवर आणि उंच इमारतींवर झळकले. परदेशी रहिवाशांनीही ते लावले. जानेवारी २०२१ मध्ये अल उला येथे समेट झाला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी अल बैत मैदानात विश्वचषकाचे उद्घाटन झाले, तेव्हा ‘वडील अमीर’ म्हणून ओळखले जाणारे हमद तिथे उपस्थित होते. यजमानपद मिळवणारा आणि ते पार पाडणारा अशा दोन पिढ्या एकाच सज्जात होत्या. २०२५ च्या जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रे अल उदेद तळाच्या दिशेने आली आणि ९ सप्टेंबरला इस्रायलने थेट दोह्यात हल्ला केला. त्या दोन्ही वेळी देश हादरला. पण निर्णय कोण घेणार, याबद्दल संभ्रम नव्हता.

जे सोपवले गेले नाही

या यशाला दुसरी बाजूही आहे. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी २००६ मध्ये पुत्रासाठी सिंहासन सोडले, तेव्हा त्यासोबत निवडणुका आणि राज्यघटनाही आली. त्या घटनेनुसार राजाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी पायउतार व्हायचे असते. नेदरलँड्समध्ये विल्हेल्मिना, ज्युलियाना आणि बेअट्रिक्स या सलग तीन राण्यांनी पद सोडल्याने निवृत्ती ही तिथली जवळजवळ रीतच झाली आहे. या दोन्ही ठिकाणी एका व्यक्तीचा निर्णय पुढे नियमात किंवा परंपरेत उतरला.

कतारमध्ये उलट घडले. २ ऑक्टोबर २०२१ रोजी शूरा परिषदेच्या पंचेचाळीसपैकी तीस जागांसाठी प्रथमच निवडणूक झाली. पण मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क कोणत्या नागरिकांना, यावरून नाराजी उसळली आणि अल मुर्रा टोळीच्या लोकांनी उघड निषेध केला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनादुरुस्तीवर जनमत घेण्यात आले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी ही निवडणूकच रद्द करून सर्व सदस्य नेमण्याची पद्धत परत आणण्यात आली. निवडणुकीने टोळ्यांमध्ये फूट पडते, समाजाची एकी महत्त्वाची, असे सरकारचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे नाही. तरीही परिणाम हा की, २०१३ मध्ये जी सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ती आजही एकाच हातात आहे.

आपल्यासारख्या परदेशी व्यावसायिकांसाठी हा तात्त्विक मुद्दा नाही. कतारमध्ये आठ लाखांच्या आसपास भारतीय राहतात. त्यांच्या रोजच्या जगण्यात मोठा बदल करणारे निर्णय, म्हणजे २०१८ पासून टप्प्याटप्प्याने गेलेला देश सोडण्याचा परवाना, २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी आधीच्या मालकाच्या ना-हरकतीची गेलेली अट, २०२१ पासून लागू झालेले १००० रियालचे किमान वेतन, हे सर्व अमिरांच्या सहीने आले. भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, डिसेंबरमध्ये तो कमी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. त्या सुटकेबद्दल भारताने अमिरांच्या निर्णयाचे जाहीर स्वागत केले. त्याच महिन्यात पेट्रोनेटने कतारशी २०२८ ते २०४८ या काळासाठी वर्षाला ७५ लाख टन वायूचा करार केला. गुजरातेतील दहेजच्या टाक्यांत उतरणारा वायू, लुसैलमधील आपल्या अभियंत्याचा निवास परवाना आणि आठ कुटुंबांचे भवितव्य यांचा शेवट एकाच मेजावर होतो. अशा व्यवस्थेत चांगला निर्णय झटकन होतो. तो तितक्याच झटकन मागेही घेता येतो.

म्हणून वीस वर्षांचे करार करणाऱ्यांनी आणि मुलांच्या शाळेची वर्षे मोजून इथे राहायचे ठरवणाऱ्यांनी पुढच्या सत्तांतराकडे लक्ष ठेवणे शहाणपणाचे आहे. शेख तमीम २०२५ मध्ये पंचेचाळीस वर्षांचे झाले. घटनेच्या नवव्या कलमानुसार युवराज नेमण्याचा अधिकार अमिरांचाच आहे. वडिलांच्या काळात युवराजपद बहुतेक वर्षे भरलेले होते. तमीम यांनी मात्र नोव्हेंबर २०१४ मध्ये बंधू शेख अब्दुल्ला बिन हमद यांना उप-अमीर नेमले आहे. वडिलांइतकीच कारकीर्द धरली तर पुढचा बदल २०३१ मध्ये यायला हवा. वडिलांचे वय धरले तर २०४१ मध्ये. पेट्रोनेटचा करार त्याच्याही पुढे जातो.

एका शासकाने एकदा वेळेवर जाऊन दाखवले, म्हणून देशात ती रीत पडत नाही. ती पडते दुसऱ्याने तेच केले तर. शेख हमद यांनी स्वतःच्या गादीचा प्रश्न सोडवला आणि त्याबरोबर आपल्यासारख्या लाखोंची बारा वर्षांची स्थिरताही सांभाळली गेली. पुढच्या वेळी ही स्थिरता पुन्हा एका माणसाच्या दूरदृष्टीवरच अवलंबून असेल का, याचा पहिला संकेत दोह्यात युवराजाचे नाव जाहीर होईल त्या दिवशी मिळेल.